मेक्सिकोच्या पोरीला आमच्या घरात तिच्या आज्जीची मांडणी करायची आहे. कशी करू द्यावी?

शहापूरकरीण

नमस्कार. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. ऑगस्टपासून आमच्याकडे मेक्सिकोची एक मुलगी आहे, १७ वर्षांची, पुएब्ला शहरातली. विद्यार्थी-विनिमयातून १० महिन्यांसाठी आली आहे आणि इथल्या एका कॉलेजात पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) वर्गात बसते. मराठी आमच्या घरातच शिकली, म्हणून 'मी जेवलो', 'मी आलो' असं बोलते. आमच्या घरातल्या सगळ्या बायका तसंच बोलतात. लिहिताना मी शाळेत शिकवल्यासारखं लिहिते, एवढंच. पुण्याच्या नणंदेने तिला 'जेवले म्हणायचं' असं सांगितलं तेव्हा पोर बावरून सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "तू आमच्यात हाईस तवर जेवलोच म्हण."

आता मुख्य गोष्ट. भाद्रपदात आम्ही सासऱ्यांचा म्हाळ घातला. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी सासूबाई हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "नातवाला परदेशात शिकायला धाडतोय, पर परत घरालाच आणतोय. काळजी करू नगासा." थोड्या वेळात कावळा आला. पोर जिन्यात उभी राहून बघत होती. संध्याकाळी मला विचारलं, हे काय होतं? मी जमेल तसं सांगितलं. ऐकता ऐकता तिला रडू आलं.

तिची आज्जी जानेवारीत वारली. तिला वाढवलं त्या आज्जीनेच. त्यांच्याकडे २ नोव्हेंबरला वारलेली मोठी माणसं घरी येतात असं मानतात, आणि १ तारखेला लहानपणी गेलेली मुलं. त्यांच्यासाठी घरात मांडणी करतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. फोटो, मेणबत्त्या, प्रवासाने तहान लागते म्हणून पाण्याचा पेला, थोडं मीठ, त्या माणसाच्या आवडीचं जेवण, एक गोल पाव, साखरेच्या कवट्या, कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूप. आणि झेंडू. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, वासावरून माणसाला घर सापडावं म्हणून.

तिची आज्जी पुएब्लाजवळच्या वाकेचूला गावची. त्या गावात त्या वर्षी वारलेल्या माणसासाठी मोठी मांडणी असते: पांढऱ्या साटीनची, पायऱ्या-पायऱ्यांची, पार छतापर्यंत. फोटो सरळ ठेवत नाहीत, समोर लावलेल्या आरशात दिसेल असा ठेवतात, कारण ते माणूस आता आपल्यासमोर नाही. ओळख नसलेले लोकही घरात बघायला येतात आणि घरचे त्यांना खाऊ घालतात. हे वर्ष तिच्या आज्जीचं पहिलं आणि ही इथे. तिची आई तिकडे करणारच आहे. पण हिला स्वतःच्या हाताने करायचं आहे, आणि गल्लीतल्या लोकांना बोलवायचं आहे.

मला मनापासून करू द्यायचं आहे. अडचण सासूबाईंची आहे आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. त्या म्हणतात, सर्वपित्रीला आपण सगळ्यांना जेवू घालून बोळवलं, बोळवलेल्यांना परत हाक मारायची नाही. शिवाय यंदा २ नोव्हेंबर म्हणजे तुळशीच्या लग्नाचे दिवस. त्यात पांढरं कापड आणि साखरेच्या कवट्या! कवटी ऐकल्यावर त्या उठून आत गेल्या.

दुसरीकडे कॉलेजातून निरोप आला की तिने स्टेजवर तोंडाला कवटीचा रंग लावून नाच करावा, 'भुतांचा सण' म्हणून. ती नाही म्हणाली. घरी येऊन मला म्हणाली, "आज्जी भूत नाही. पाहुणी आहे."

१ तारखेला आपल्याकडे काय असतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. राज्योत्सवाची मिरवणूक एकीकडे, काळ्या दिवसाची फेरी दुसरीकडे, मध्ये पोलीस. तेव्हा बाहेरून जे आणायचं ते ३१ लाच आणावं लागेल. तिने विचारलंच, एकाच गावात एकाच दिवशी अर्धे लोक सण का करतात आणि अर्धे काळी फीत का लावतात? १९५६ साली बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं ती गोष्ट सांगता सांगता रात्रीचे ११ वाजले.

कुणी असं घरात करू दिलं आहे का? सासूबाईंना न दुखवता कसं करावं? आणि कोपाल, तो पाव, हे बेळगावात कशाने भागवावं?

वडगावचा आप्पा

ताई, सासूबाईंना आधी एक विचारा. दिवाळीत आकाशकंदील कशाला लावतो? आमचे आजोबा नरकचतुर्दशीला आणि अमावास्येला तिन्हीसांजेला हातात पेटतं कोलीत धरून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहायचे. त्याला उल्कादर्शन म्हणतात. महालयात आलेल्या पितरांना परत जायची वाट दिसावी म्हणून तो उजेड. म्हणजे आपल्या हिशेबानेही दिवाळीपर्यंत पितर वाटेवर असतातच. आता कोलीत कुणी धरत नाही, कंदील राहिला. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे दिवा लावतो तोही त्याच दिवसांत. सणाच्या दिवसांत गेलेल्यांची आठवण काढणं आपल्याला परकं नाही.

पांढऱ्या कापडाचं म्हणाल तर आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे. पांढरं म्हणजे फक्त कफन नव्हे, देवाचं सोवळंही पांढरं असतं. साटीन विकत घेऊ नका. आमच्याकडे पांढऱ्या रेशमाचे उरलेले तुकडे आहेत, दोन-अडीच मीटरचे. पोरीला घेऊन या, तिला मागही दाखवतो. पैसे नकोत.

लोंढा_जंक्शन

आम्ही लोंढ्याचे ख्रिस्ती, घरात कोकणी, शाळा मराठी, रेशनकार्ड कन्नड. २ नोव्हेंबर आमचाही दिवस. सकाळी मिस्सा, मग सगळे कब्रस्तानात. आदल्या दिवशी जाऊन गवत काढायचं, थडगं धुवायचं, क्रूसाला झेंडूची माळ घालायची, मेणबत्त्या लावायच्या. फादर येऊन थडग्यांवर तीर्थ शिंपडतात. माझी आई थडग्यापाशी बसून बाबांना वर्षभराच्या बातम्या सांगते. कुणाचं लग्न ठरलं, कुणी घर बांधलं.

मेक्सिकोत हा दिवस त्यांच्या जुन्या पूजांचा आणि चर्चच्या दिवसांचा मिळून झालेला आहे. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये तिथली राजधानी जिंकली, त्यानंतर हे दोन्ही हळूहळू एकत्र आलं. त्या पोरीला इथे एकटं वाटत असेल तर एवढं सांगा की त्याच दिवशी तुमच्यापासून रेल्वेने तास-दीड तासावर शेकडो मेणबत्त्या लागलेल्या असतात. तिला पाठवलंत तर मी स्टेशनवर घ्यायला येईन. आणि कॉलेजला ती जे 'नाही' म्हणाली त्याबद्दल तिला माझ्याकडून शाबासकी द्या. आमच्या मुलांनाही शाळेत हॅलोविनचे मुखवटे घालायला लावतात आणि २ तारखेला सुट्टी मागितली तर कशासाठी म्हणून विचारतात.

हिंडलग्याहून

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. घर सासूबाईंचं आहे. मुलगी १० महिन्यांची पाहुणी, त्या कायमच्या. त्यांना शास्त्र दाखवून गप्प करू नका, आप्पांचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी. माझ्या आईला आम्ही असंच एकदा पटवून पटवून गप्प केलं होतं. ती गप्प झाली, पण त्या दिवशी जेवली नाही. ते मला अजून खातं.

देवघर आणि तुळस सोडून, बाहेरच्या सोप्यात जागा द्या. सासऱ्यांचा फोटो त्यात ठेवायचा आग्रह कुणीही करू नये. आणि पोरीने स्वतः त्यांच्यापाशी बसून विचारावं. तुम्ही मध्ये पडू नका.

तिखट_संकेश्वर

ओ ताई, कोपाल नाही मिळाला तर मिळू दे नाही. तोही झाडाचा डिंकच, आपला धूप पण झाडाचाच. निखाऱ्यावर धूप आणि थोडा ऊद टाका, घरभर वास झाला पाहिजे एवढंच.

मला दुसरंच सांगायचं हाय. त्या पोरीला म्हणावं, तू झेंडू शोधायला आलीस काय इथं? झेंडू मूळचा तुझ्याच देशाचा! आपण दसऱ्याला दाराला, गाडीला, नांगराला जे बांधतो ते फूल मेक्सिकोचं. त्यांच्या जुन्या भाषेत त्याला 'वीस फुलं' अशा अर्थाचं नाव हाय, सेंपासुचिल. आणि मिरची? आमच्या संकेश्वरच्या मिरचीच्या जिवावर अख्ख्या जिल्ह्याचं कालवण हाय, ती पण तिकडचीच. पोर्तुगीजांनी जहाजातनं आणली, त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरी-पिंपळीच होती. मका, टोमॅटो, चिकू, पेरू, सगळं त्या बाजूचं. चिकू हे नावसुद्धा तिकडनंच आलं. रताळं पण अमेरिकेचंच. आपण बटाट्याला जो बटाटा म्हणतो तो शब्द आधी रताळ्याचा होता.

पुएब्लात रताळ्याची मिठाई फार नावाजलेली हाय असं मी वाचलंय. पोरीला विचारा. खरं असंल तर बेळगावच्या रताळ्यासारखं रताळं तिला कुठं मिळायचं नाही, इथनं ट्रक भरून बाहेरच्या राज्यांत जातंय. आज्जीच्या पुढं तेच ठेवा की. आणि आज्जीला कालवण कसलं आवडत होतं ते कळवा, मिरची मी धाडतो.

शहापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. हिंडलग्याच्या दादांचं ऐकलं. मी मध्ये पडले नाही. पोर काल दुपारी सासूबाईंच्या खोलीत गेली आणि दीड तासाने बाहेर आली. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सोप्यात कर. मामांचा फोटो द्यायचा नाही, त्यांचं झालंय. आणि कवट्या माझ्या घरात नकोत." (मामा म्हणजे माझे सासरे.)

कवट्यांचा प्रश्न शेजारच्या अक्कांनी सोडवला. त्यांच्याकडे कार्तिक पौर्णिमेला गौरी हुण्णिमेची सक्कर आरती असते. साखरेचे पोपट, हत्ती, देऊळ, लाकडी साच्यात ओतून केलेले. सध्या हलवायाकडे त्याचीच गडबड चालू आहे. अक्का पोरीला तिथे घेऊन गेल्या. साचा उघडून पांढरा पोपट बाहेर आला तसं ती म्हणाली, आमच्याकडे कवट्या अशाच करतात, फक्त साचा वेगळा. मग तिने आज्जीसाठी पोपट आणि देऊळ घेतलं. आज्जीकडे खरंच पोपट होता म्हणे.

रताळ्याचं खरं आहे. कामोते म्हणतात, पुएब्लाची खासियत. आज्जीला आवडायचं ते मोले: सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, कोको, लवंग, दालचिनी, सगळं भाजून पाट्यावर वाटलेलं. आमचा पाटा बघून पोरीने हात फिरवला आणि म्हणाली, तिकडचा असाच, पण त्याला तीन पाय असतात. संकेश्वरच्या दादा, मिरची जरूर पाठवा, पण त्यांच्या मिरच्या रंगाला गडद आणि तिखटाला बेताच्या असतात. म्हणून मी ब्याडगी जास्त घेणार आणि तुमची थोडी.

चिकोडीचा मास्तर

हा धागा वाचून राहवलं नाही. पोरीला कातारिना दे सान हुआन या बाईबद्दल विचारा. १७ व्या शतकात भारतातून पकडून नेलेली मुलगी. कोचीनला नेली, तिथून मनिला, मनिलाहून गुलाम म्हणून जहाजाने मेक्सिकोत आणि अखेर पुएब्लात. उरलेलं सगळं आयुष्य तिथेच गेलं, १६८८ मध्ये वारली. लोक तिला संत मानायचे, अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी झाली. पुएब्लाच्या जेझुइट चर्चमध्ये तिला पुरलं. तिथल्या बायकांचा प्रसिद्ध पोशाख, चमकीचा घागरा आणि भरतकामाचा पांढरा पोलका, 'चीना पोब्लाना' म्हणतात तो, लोककथेत तिच्याच नावाशी जोडलेला आहे. पोशाख तिच्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाला असं इतिहासकार सांगतात, पण बाई खरी होती.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या त्या मुलीसाठी कुणी पाण्याचा पेला ठेवला असेल का, हा विचार काल रात्री मनातून जाईना. तुमच्या मांडणीत जागा असेल तर एक पणती तिच्यासाठी लावा, ही विनंती.

शहापूरकरीण

२ तारीख झाली. लिहायला दोन दिवस लागले.

आप्पांच्या रेशमाने तीन पायऱ्या झाकल्या. फोटो उलटा ठेवला आणि समोर माझा लग्नातला आरसा. सोप्यातून बघितलं की आज्जी आरशात दिसायची, थेट नाही. ते बघून मला कसंतरी झालं. सासऱ्यांचा फोटो आम्ही भिंतीवर लावला आहे, रोज त्याच्याकडे बघतो आणि ते आहेतच असं समजून पुढे जातो. आरशातला फोटो तसं जाऊ देत नाही.

मोले करायला ५ तास लागले. भाजताना सगळी गल्ली शिंकली. कोंबडी केली नाही, उकडलेल्या बटाट्यावर घातलं. सोबत मक्याच्या भाकऱ्या. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, म्हणून त्यांची भाकरी पातळ होते आणि दुमडली तरी तुटत नाही. आमच्याकडे साधं पीठ होतं. सासूबाईंनी उकड काढून थापल्या तेव्हा कुठे जमल्या.

आता पाकळ्यांचं सांगते. चार किलो झेंडू आणला होता. पोर उंबऱ्यापासून सोप्यातल्या मांडणीपर्यंत वाट घालत होती. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिची आज्जी कवा बेळगावला आली हाय काय? दारापासनं घातलीस तर दार कसं गावायचं तिला? कोपऱ्यापासनं घाल." आणि उठून स्वतः परडी घेतली. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे, तिथून आमच्या दारापर्यंत, साठ-सत्तर पावलं, दोघींनी पाकळ्या टाकत आणल्या. गाड्या चुकवत. मध्ये एका दुचाकीवाल्याने विचारलं, काय आहे आज? सासूबाईंनी सांगितलं, "पाहुणी यायची हाय."

माणसं किती आली मोजली नाहीत. कोपऱ्यापासून वाट दिसत होती म्हणून न बोलावलेलीही आली. अक्का गोड कडबू घेऊन आल्या. पोरीने प्रत्येकाला पाव आणि गरम चॉकलेट दिलं, तिकडची रीत. दोन-तीन बायकांनी हळूच विचारलं, आमच्या माणसासाठी मेणबत्ती लावली तर चालेल का? पोर म्हणाली, प्रत्येकाची वेगळी लावतात. मास्तर, तुमची पणती सगळ्यात खालच्या पायरीवर होती. पोरीला ती बाई माहीत होती. शाळेत शिकली होती, पण ती आपल्या बाजूची हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेसात. तिच्या आईच्या मागे तशीच पांढरी मांडणी, पण आमच्यापेक्षा कितीतरी उंच. आई काही बोलू शकली नाही. पोरीने फोन आरशासमोर धरला. सासूबाई जवळ येऊन फोनकडे वाकल्या आणि मराठीतच विचारलं, "जेवलासा काय?" पोरीने सांगितलं ते स्पॅनिशमध्ये. आईने मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "मग जेवा. ती इथनं जेवून तिकडंच येईल."

लोंढ्याच्या ताई, २ तारखेला पाठवता आलं नाही, पण तिला कब्रस्तान बघायचं आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने दोघी येतो.

कॉलेजचंही सांगते. तिथल्या एक मॅडम गल्लीतून आत आल्या, तासभर बसल्या. नाचाचा विषय काढला नाही. तिला वर्गात अर्धा तास बोलायला वेळ देतो म्हणाल्या.

पावाचं प्रमाण दोघी-तिघींनी निरोप पाठवून विचारलं आहे ते इथेच लिहिते. मैदा ५०० ग्रॅम, साखर १००, लोणी १२५, अंडी ३, कोरडं यीस्ट १० ग्रॅम, कोमट दूध अर्धा कप लागेल तसं, एका मोठ्या संत्र्याची किसलेली साल, चमचाभर कुटलेली बडीशेप. मळून दुप्पट होईपर्यंत ठेवायचं, मग गोळे. वर पिठाच्याच दोन वळ्या आडव्या-उभ्या घालायच्या, ती हाडं, आणि मध्ये एक छोटी गोळी. आमच्याकडे ओव्हन नाही. कॅम्पातल्या एका बेकरीवाल्याने त्यांच्या भट्टीत भाजून दिले. गरम असताना लोणी लावून साखरेत घोळवायचे. वळ्या आम्ही जाड केल्या होत्या, फुगून एकमेकींत मिसळल्या. तुम्ही बारीक करा.